मार्कशीटवर नसलेली अट

परवा आमच्या बचत गटाची बैठक संपली. पासबुकं वाटून झाली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी एक जण काही उठेना. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत लेकीची फाईल. लेक सोलापुरातच इंजिनिअर झाली, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन, चांगल्या मार्कांनी. आता तिला पुढं बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय, तेही मुंबईला नाहीतर बंगळूरला. वडील टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात. या विषयावरून घरात चार दिवस बापलेकीचं बोलणं बंद. आईचं मागणं एवढंच होतं, की वहिनी, तुम्ही ही फाईल बघा आणि पोरीला खरंच ॲडमिशन मिळण्यासारखी आहे का ते सांगा. मिळणारच नसेल तर घरात उगीच वाद कशाला?

आता मी पडले बी.ए., मराठी घेऊन. मला यातलं काय कळणार? म्हणून लेकीलाच बोलावून घेतलं. तिनं चहा घेता घेता मला तासभर शिकवलं. ईसीजीचं मशीन, डायलिसिसचं यंत्र, करोनात सगळ्यांच्या तोंडी झालेला व्हेंटिलेटर, कृत्रिम हातपाय, हृदयात बसवायचा पेसमेकर, हे सगळं करणारं जे शास्त्र ते हे. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्या मधली जागा म्हणा ना. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल, कॉम्प्युटर, बायोटेक्नॉलॉजी, कुठल्याही वाटेनं या विषयात शिरता येतं. काही ठिकाणी एम.एस्सी. झालेल्यांना, तर काही ठिकाणी एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांनाही घेतात. आयआयटीसारख्या संस्थांत पदवीला साधारण साठ टक्के किंवा दहापैकी सहा-साडेसहाच्या पुढे ग्रेड लागते, राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सवलत असते. त्यावर गेट नावाची परीक्षा. तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. २०२० पासून त्या परीक्षेत बायोमेडिकलचा वेगळा पेपरही आहे. मग इंटरव्ह्यू. प्रत्येक संस्थेचं पत्रक दरवर्षी नव्यानं बघावं लागतं, गेल्या वर्षीच्या मैत्रिणीच्या भरवशावर राहून चालत नाही, हेही तिनंच सांगितलं. परदेशी जायचं तर सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि आपल्याला हे का शिकायचंय याचा दोन पानी मजकूर. गेट देऊन एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतन मिळतं, हे ऐकल्यावर तिच्या आईनं पहिल्यांदा मान वर केली.

फाईल बघितली. सगळं होतं. ग्रेड अटीपेक्षा बरीच वर, गेटचा स्कोअर बरा, शिफारसपत्रं तयार. मग अडलं कुठं? तर घरच्या अटी. आधी एक वर्ष इथंच नोकरी करून दाखव. रोज रात्री व्हिडिओ कॉल. स्थळ आलं तर बघायला यायचं, नाही म्हणायचं नाही. या अटी कुठल्याही पत्रकात नसतात, पण मुलींच्या फाईलला त्या जोडलेल्याच असतात. माझं एम.ए. राहिलं तेही काही मार्कांमुळे नाही.

त्या रात्री मला कमला सोहोनी आठवल्या. आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई आपल्याला ठाऊक असतात. बहिणीनं मात्र त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, विशीत असताना, असंच काहीसं केलं होतं, आणि तेही ॲडमिशनसाठी!

कमलाताईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या स्वप्नातून जी विज्ञानसंस्था निघाली, जिला तेव्हा लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघं भाऊ. म्हणजे ज्या वयात आपल्या घरात मुलीला भाकरी गोल येते का ते बघतात, त्या वयात या मुलीच्या कानावर घरात रसायनशास्त्र पडत होतं. आपणही वडील आणि काका शिकले तिथंच शिकायचं, हे तिनं आधीच ठरवलेलं. हे मी मुद्दाम सांगतेय. कारण जिद्दीच्या गोष्टी सांगताना आपण घर विसरतो. कमलाताईंची हुशारी त्यांची स्वतःची, पण मुलीनं पुढं शिकावं की नाही हा वाद त्यांना घरात घालावा लागला नाही. पुढचं सगळं बळ त्यांना बाहेरच्या लढाईसाठी वापरता आलं. आपल्या कितीतरी मुलींचं निम्मं बळ उंबरठ्याच्या आतच संपतं.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि विद्यापीठात पहिल्या. लगेच बंगळूरला अर्ज केला. यापेक्षा मोठी पात्रता ती काय असणार? पण अर्ज नाकारला गेला. कारण मार्क नव्हे, विषय नव्हे. अर्ज करणारी बाई होती, हे कारण.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० सालचं नोबेल मिळालेले, संस्थेचे पहिले भारतीय संचालक, देशाचा अभिमान. एवढ्या मोठ्या माणसानं नाही म्हटलं की विषय संपला, असं कुणालाही वाटलं असतं. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली, तिचाही उपयोग झाला नाही. मग कमलाताई स्वतः बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कारण विचारलं. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस, आणि त्यांनीही तोच मार्ग धरला असं सांगतात. प्रवेश द्या, मी उत्तम रीतीनं अभ्यासक्रम पुरा करून दाखवते, असं त्यांचं म्हणणं. शेवटी रामन कबूल झाले, पण अटींवर.

अटी ऐका. नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळणार नाही, पहिलं वर्ष चाचणीचं. केलेल्या कामाला मान्यता मिळेल ती संचालकांची खात्री पटल्यानंतरच. आणि तिसरी अट अशी, की तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. वाचताना माझं डोकं तापलं. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी, आणि तिनं हमी कशाची द्यायची, तर दुसऱ्यांच्या नजरेची!

कमलाताईंनी अटी मान्य केल्या. मला हे फार दिवस पटलं नव्हतं. बाणेदारपणा असा, की तोंडावर कागद फेकून परत यावं, असं आपल्याला लांबून वाटतं. पण कागद फेकून त्या मुंबईला आल्या असत्या तर संस्थेचं दार तसंच बंद राहिलं असतं आणि बायकांना विज्ञान झेपत नाही हे म्हणणाऱ्यांचंच खरं ठरलं असतं. त्यांनी अपमान गिळला पण विसरल्या नाहीत. पुढं म्हातारपणी सत्काराच्या वेळीसुद्धा, रामन शास्त्रज्ञ म्हणून फार मोठे पण या बाबतीत मनानं कोते होते, हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. कडू न होता आणि मऊही न होता.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. शिस्तीचे, कडक, पण शिकण्याची खरी ओढ असलेल्याला हातचं न राखता शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. तेव्हा आपल्या देशात कडधान्यांच्या प्रथिनांवर फारसं कुणी काम करत नव्हतं. वर्ष संपलं. रामन यांची खात्री पटली. कमलाताईंना नियमित संशोधन करता आलं, आणि त्यानंतर संस्थेनं मुलींना घ्यायला सुरुवात केली. १९३६ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या एम.एस्सी. झाल्या, विशेष प्रावीण्यासह.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर दार उघडलं आणि सगळं आलबेल झालं असं वाटेल. १९४० साली अण्णा मणी नावाची एक मुलगी त्याच संस्थेत खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली. हिऱ्यांतून प्रकाश कसा जातो-येतो यावर तिनं काम केलं, निबंध लिहिले, १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला. विद्यापीठानं पीएच.डी. दिली नाही. का? तर तिच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. काम समोर पडलेलं, पण एक कागद कमी. पुढं याच अण्णा मणी देशातल्या फार मोठ्या हवामानशास्त्रज्ञ झाल्या, त्या पीएच.डी.वाचूनच. कमलाताईंकडे कागद होता तरी अडवलं, अण्णांकडे काम होतं तरी अडवलं. अर्थात, यावरून मी आमच्या मैत्रिणीच्या लेकीला एवढंच सांगितलं, की कागद पूर्ण ठेव. ट्रान्सक्रिप्टपासून जातीच्या दाखल्यापर्यंत एकही कागद अर्धवट नको. निदान त्या कारणानं तरी कुणी परत पाठवायला नको.

एम.एस्सी. झाल्यावर कमलाताई मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर थेट इंग्लंडला गेल्या, केंब्रिजला. १९३७ सालच्या डिसेंबरात न्यूनहॅम या बायकांच्या कॉलेजात त्यांचं नाव दाखल झालं. तिथं जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. व्हिटॅमिनांच्या शोधासाठी १९२९ सालचं नोबेल यांना. म्हणजे एका नोबेलवाल्यानं दारात अडवलेली मुलगी चार वर्षांत दुसऱ्या नोबेलवाल्याच्या प्रयोगशाळेत. पण जागेची टंचाई तिथंही होती. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल त्यांना दिवसा वापरायला दिलं, आणि रात्री तो त्याच टेबलावर झोपायचा, अशी आठवण सांगतात.

केंब्रिज म्हणजे अगदी पुढारलेलं असंही समजू नका हं. तिथं बायका शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, पण पुरुषांच्या बरोबरीनं पदवीचा पूर्ण हक्क त्यांना विद्यापीठानं दिला तो १९४८ साली! आपल्याकडे स्वातंत्र्य येऊन वर्ष झालं होतं तेव्हा. कमलाताईंचं सगळं केंब्रिज त्याच्या आधीचं.

रिश्टर गेल्यावर त्यांनी रॉबिन हिल यांच्याकडे काम केलं. वनस्पतींच्या पेशी श्वास कसा घेतात, असा तो विषय. कमलाताई काम करत होत्या आपल्या साध्या बटाट्यावर. सायटोक्रोम सी नावाचं एक द्रव्य प्राणवायू वापरण्याच्या कामात भाग घेतं, आणि ते वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी बटाट्यावरून दाखवून दिलं. प्रबंध किती पानांचा असेल? चाळीस! काम चौदा महिन्यांचं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. आमच्याकडे शाळेतला प्रोजेक्टसुद्धा हल्ली चाळीस पानांच्या वर जातो, तोही इंटरनेटवरून छापलेला, ही गोष्ट वेगळी.

परदेशात मागण्या होत्या, पण स्वातंत्र्याचे वारे वाहत होते आणि त्यांना देशात परतायचं होतं. १९३९ सालीच परत येऊन दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी हातात घेतला. नंतर तामिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत व्हिटॅमिनांवर काम केलं. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं. ते विमागणिती. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेतल्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. लग्न, दोन मुलं, संसार आणि प्रयोगशाळा, सगळं बरोबरच चाललं.

आणि इथून पुढचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. कमलाताई आणि त्यांचे विद्यार्थी डाळी, वाल, पावटे असल्या कडधान्यांचा अभ्यास करत होते. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, त्यामुळे त्यांतली प्रथिनं अंगी लागत नाहीत, आणि नीट शिजवल्यावर त्या घटकांचा जोर बराच कमी होतो. आपल्या आजी-पणजी वाल भिजवून, सोलून, मऊ शिजवून का करायच्या, याचं उत्तर एका मराठी बाईनं प्रयोगशाळेत शोधलं. गरिबाच्या ताटात मांस-मच्छी कुठून येणार? त्याची ताकद म्हणजे डाळच. सोलापूरच्या कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि पातळ आमटी खाणाऱ्या आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको.

तसंच नीरेचं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम सुरू केलं. शिंदीच्या झाडाचा ताजा रस आंबला की ताडीसारखी दारू होते, पण न आंबलेला रस म्हणजे नीरा. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आणि नीरेपासून केलेल्या गुळातही पोषण टिकतं, हे त्यांच्या कामातून दिसलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांच्या आहारात नीरा दिली तेव्हा त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबद्दल सल्ला दिला. मी वस्तीत पोषण आहाराचं काम करते तेव्हा वजनकाट्यावर बाळ ठेवताना हे सगळं मनात येतं. प्रवेशाच्या दारातून एका मुलीला परत पाठवलं असतं तर काय काय राहिलं असतं, याचा हिशेब कुणी मांडला असता का?

विज्ञान संस्थेत संचालकपदाची पाळी आली तेव्हाही ते पद त्यांना सरळ मिळालं नाही. आतल्या राजकारणात काही वर्षं गेली. शेवटी त्या संचालक झाल्याच. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक. तिकडे इंग्लंडात त्या टेबलवाल्या रिश्टरसाहेबांनाही याचं अप्रूप वाटलं. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत काही बायकांनी मिळून १९६६ साली ग्राहकांच्या हक्कांसाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली होती, तिच्या कामात त्या शिरल्या. १९८२-८३ साली तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहायच्या, आणि मुलांसाठी मराठीतून विज्ञानाची पुस्तकंही त्यांनी लिहिली. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई सामान्य गिऱ्हाइकाच्या पिशवीची काळजी करते, यात मला नवल वाटत नाही. ज्यानं कडधान्य तपासलं तो बाजारही तपासणारच.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जूनला, गेल्या. वर्तमानपत्रांत दुर्गाबाईंवर जेवढं आलं त्याच्या पावपटही त्यांच्यावर कधी आलं नाही. २०२३ साली गूगलनं त्यांच्या जन्मदिवशी त्यांचं चित्र पहिल्या पानावर ठेवलं, तेव्हा माझ्या मुलानंच मला विचारलं, की आई, ही कोण? तेव्हा मलाही चार ओळींच्या पुढं सांगता आलं नव्हतं.

ज्या बंगळूरच्या संस्थेनं त्यांना अटींवर आत घेतलं, तिथं आज जैव-अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. आमच्या मैत्रिणीच्या लेकीच्या यादीत तेच नाव वरती होतं. ही सगळी कथा मी तिला सांगितली, तर ती पटकन म्हणाली की मावशी, त्यांच्या वडिलांनी अर्जाला मदत केली, माझ्या वडिलांनी पासवर्ड लिहिलेली वहीच कपाटात ठेवलीय. मला हसावं की रडावं कळेना.

म्हणून गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. वडील बैठकीत बसलेले, समोर चहा. मी रामन-बिमन काही काढलं नाही. फाईल पुढं ठेवली आणि हिशेब लिहिणाऱ्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितलं, ग्रेड किती लागते नि हिची किती आहे, गेटचा स्कोअर किती वर्षं चालतो आणि हे वर्ष इथल्या नोकरीत घातलं तर त्यातलं किती उरेल, विद्यावेतन, हॉस्टेल. एक वर्षाची चाचणी घ्यायचीच असेल तर ती तिथं शिकतानाच घ्या म्हटलं. स्थळाचा विषय निघाला तेव्हा तिची आई आतून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली, आत काही गेली नाही.

ते बराच वेळ फाईल चाळत होते. हो म्हणाले नाहीत. उठताना मात्र त्यांनी मला विचारलं, की उद्यान एक्स्प्रेस सोलापूरला किती वाजता येते आणि तिला लेडीज डबा असतो का? लेक आतल्या खोलीत होती. वही कपाटातून बाहेर आली की नाही ते मला अजून कळलेलं नाही, अर्जाची तारीख संपायला नऊ दिवस आहेत.